घानातील 'कुमकुम', कानोतील हिंदी गाणी: परदेशी दूरचित्रवाणीने आफ्रिकेच्या संस्कृतीचे काय केले?

समुद्रकाठचा (धागाकर्ता)

नोकरीनिमित्त सध्या अक्रामध्ये राहतो. इथे आल्यापासून एक गोष्ट खटकते, ती म्हणजे घानाच्या दूरचित्रवाणीवर घाना फार कमी दिसतो. 'अदोम टीव्ही' या वाहिनीने 'कुमकुम भाग्य' ही आपल्याकडची मालिका त्वी या घानातल्या भाषेत डब करून दाखवायला सुरुवात केली आणि बघता बघता तिने देशाला वेड लावले. बाजारात मासे विकणाऱ्या बायकांपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सर्वांना अभी आणि प्रज्ञा यांच्या संसाराची काळजी. तिच्या आगेमागे मेक्सिकोच्या, तुर्कस्तानच्या, फिलिपाइन्सच्या मालिका आहेतच.

दुसरीकडे कुमासी शहरात 'कुमावूड' नावाने ओळखला जाणारा त्वी चित्रपटांचा उद्योग होता. चार-सहा दिवसांत चित्रपट पूर्ण करायचा, त्याच्या व्हीसीडी काढायच्या आणि थेट बाजारात विकायच्या, असा तो स्वस्त पण चालता धंदा होता. तो आता जवळजवळ बसला आहे आणि तेथील कलाकार उघडपणे म्हणतात की आमच्या पोटावर या परदेशी मालिकांनी पाय दिला.

माझे मत स्पष्ट आहे. हे सांस्कृतिक आक्रमण आहे आणि या वेळी आक्रमकांच्या रांगेत मुंबईही उभी आहे. आफ्रिकेत राहिलेल्या किंवा राहत असलेल्या सभासदांनी आपापले अनुभव लिहावेत.

नैरोबीची_अनघा

धाग्याचा विषय उत्तम आहे, मात्र मत पटले नाही. आक्रमण म्हटले की सगळा दोष बाहेरच्याच्या माथी जातो आणि घरातला अलगद सुटतो.

केनियाचे उदाहरण घेऊ. तिथल्या सरकारी 'केबीसी' वाहिनीवर 'वितिंबी' आणि 'वियोजा महाकामानी' या स्वाहिली विनोदी मालिका वर्षानुवर्षे चालल्या आणि मागच्या पिढीला त्यांतले संवाद तोंडपाठ आहेत. नव्वदच्या दशकात खासगी वाहिन्या आल्या, पडद्यावर भरायचे तास कित्येक पटींनी वाढले, पण कार्यक्रम निर्मितीचा पैसा त्या प्रमाणात वाढला नाही. वाहिनीच्या व्यवस्थापकासमोरचा हिशेब साधा असतो. लेखक, नट, कॅमेरा, जनरेटरचे डिझेल आणि चित्रीकरणाच्या जागेचे भाडे असा खर्च करून एक तासाची मालिका घडवायची, की शंभर-दीडशे भागांचा तयार माल विकत घ्यायचा? तयार मालिकेचा खर्च तिच्या मायदेशात आधीच वसूल झालेला असतो, त्यामुळे ती आफ्रिकेतल्या वाहिनीला निर्मितीखर्चाच्या किरकोळ अंशात मिळते. वर साबणाच्या कंपन्यांच्या जाहिराती दोन्हींना सारख्याच मिळतात. अशा वेळी व्यवस्थापक काय निवडणार, हे सांगायला संस्कृतीचा अभ्यासक लागत नाही.

नायजेरियाने वाहिन्यांवर ६० टक्के देशी कार्यक्रमांचे बंधन घातले आहे आणि केनियाने ४० टक्क्यांपासून सुरुवात केली. ते पाळायचे कसे, हेही लोकांना ठाऊक आहे. स्टुडिओत चार माणसे टेबलाभोवती बसवून राजकारणावर भांडायला लावली की देशी कार्यक्रमाचा तास भरतो.

गुपचूप_वाचक

शेवटचे वाक्य केनियापुरतेच आहे ना? आमच्या घरी रोज रात्री नऊ वाजता हाच देशी कार्यक्रम असतो.

निवृत्त_अभियंता

अनघाताईंचा हिशेब बरोबर आहे, तरीही पैशाने सगळे उलगडत नाही. स्वस्त माल अमेरिकेकडूनही मिळत होता. मग उत्तर नायजेरियाने हिंदी चित्रपटच का उचलले?

ऐंशीच्या दशकात मी उत्तर नायजेरियातल्या कानो शहरात नोकरीला होतो. तेलाच्या पैशामुळे त्या काळी भारतातून अभियंते, डॉक्टर आणि शिक्षक मोठ्या संख्येने तिकडे गेले होते. रस्त्यात अनोळखी मुले मला थांबवून हिंदी गाण्याची ओळ म्हणून दाखवत आणि अर्थ विचारत. हे चित्रपट तिथे पोहोचवण्यात भारत सरकारचा हात नव्हता. लेबनीज वितरकांनी पन्नासच्या दशकापासून ते आणले आणि चित्रपटगृहांतून चालवले. हौसा या तिथल्या लोकांच्या भाषेत उपशीर्षके नसत, हिंदी कुणाला येत नसे, तरीही कथा समजे. धर्मेंद्रला तिथे 'सारकिन कार्फी', म्हणजे शक्तीचा राजा, असे टोपणनाव होते.

कारण विचारले की हौसा माणूस जे सांगे ते ऐकण्यासारखे होते. या चित्रपटांतली माणसे अंगभर कपडे घालतात, वडिलांपुढे मान खाली घालतात, लग्न आईवडिलांनी ठरवायचे की मनाने यावर घर फुटण्याची वेळ येते, आणि नायक-नायिका चुंबन घेत नाहीत. पाश्चात्त्य चित्रपटात त्यांना आपले घर दिसत नव्हते, इथे दिसत होते. परदेशी वस्तू परकी वाटतेच असे नाही.

आता त्याचे पुढे काय झाले ते पाहा. कानोत कादिरिया सूफी पंथाचे लोक 'बंदिरी' नावाची डफासारखी वाद्ये वाजवून स्तुतिगीते गातात. त्यांतल्या काहींनी लोकप्रिय हिंदी गाण्यांच्या चाली घेतल्या, त्यातले प्रेमाचे शब्द काढून टाकले आणि प्रेषिताच्या स्तुतीचे हौसा शब्द बसवले. त्यांतल्या एका मंडळाने तर आपले नावच 'उशाकू इंडिया', म्हणजे भारताचे प्रेमी, असे ठेवले होते. या प्रकाराला आक्रमण म्हणायचे असेल, तर आक्रमण नेमके कुणी कुणावर केले हे मला धागाकर्त्यांनी सांगावे.

समुद्रकाठचा

काका, प्रतिसाद अतिशय माहितीपूर्ण आहे, पण धागा दूरचित्रवाणीचा आहे आणि आपण चित्रपटगृहाबद्दल लिहिले आहे. पैसे मोजून, घराबाहेर पडून चित्रपट पाहणे ही निवड असते. दूरचित्रवाणी न बोलावता घरात येते. मला त्या घरातल्या परिणामाविषयी विचारायचे आहे.

निवृत्त_अभियंता

आक्षेप योग्य आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. कानोत चित्रपटगृह ही सभ्य माणसाने जाण्याची जागा समजली जात नसे, तिथे स्त्रियांनी जाण्याचा तर प्रश्नच नव्हता. प्रतिष्ठित मुस्लिम घरांत विवाहित स्त्रिया पडद्यात राहत. त्यामुळे हिंदी चित्रपट बराच काळ पुरुषांचा आणि तरुण पोरांचा शौक होता. मग घरी दूरचित्रवाणी संच आला, सरकारी वाहिनीवर हिंदी चित्रपट लागू लागले, पाठोपाठ व्हिडिओ कॅसेट आली, आणि आतल्या अंगणात बसलेल्या बायकांना पहिल्यांदाच तेच चित्रपट त्यांच्या घरात पाहायला मिळाले. मी स्वतः ते अंगण कधी पाहिले नाही, पाहणे शक्यही नव्हते. माझ्या पत्नीला मात्र शेजारणी बोलावत. ती सांगे की चित्रपट संपल्यावर तासभर वाद चाले. मुलीने बापाचे ऐकायला हवे होते की नाही, सवत आली तर थोरलीने कसे वागावे, नवऱ्याला जाब विचारावा की नाही. पत्नीकडून सवतीबद्दल भारतीय मत विचारले जाई आणि ती अडचणीत येई.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात कानोच्या बाजारात 'सोयय्या' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हौसा प्रेमकथांची स्वस्त पुस्तके येऊ लागली. त्यांच्या लेखिकांत बऱ्याच स्त्रिया होत्या आणि विषय हाच होता: जबरदस्तीचे लग्न, सवत, मुलीचे शिक्षण. त्या पुस्तकांतून पुढे हौसा व्हिडिओ चित्रपट निघाले, ज्यांना 'कॅनीवूड' म्हणतात. त्यांत झाडांभोवतीची गाणी आली, आणि तिथे ठिणगी पडली. २००० साली कानोत शरियत लागू झाली, चित्रपटांवर काही काळ बंदी आली आणि २००१ मध्ये राज्याने स्वतःचे सेन्सॉर मंडळ नेमले. अगदी २०१६ मध्ये केंद्र सरकारने कानोजवळ चित्रनगरी उभारायचे ठरवले, तर धर्मगुरूंच्या विरोधामुळे तो बेत सोडून द्यावा लागला.

म्हणजे धागाकर्ते ज्याला संस्कृतीचे रक्षण म्हणतात त्याच नावाखाली तिथे हौसा भाषेतल्या हौसा चित्रपटांना अटकाव झाला. संस्कृती वाचवणारा कोण आहे, हे तपासून घेतलेले बरे.

शुभदा_जोबर्ग

काकांच्या शेवटच्या परिच्छेदाला दक्षिण आफ्रिकेतून दुजोरा देते. आफ्रिकेतला सर्वांत श्रीमंत देश असूनही इथे दूरचित्रवाणी सुरू व्हायला ५ जानेवारी १९७६ हा दिवस उजाडावा लागला. तंत्रज्ञान नव्हते किंवा पैसा नव्हता म्हणून नव्हे. टपाल व तार खात्याचे मंत्री आल्बर्ट हर्टझोग यांचा कडवा विरोध होता. परदेशी कार्यक्रमांनी इंग्रजीचे वर्चस्व वाढेल, आफ्रिकान्स ही सत्ताधारी गोऱ्यांची भाषा मागे पडेल आणि काळ्या लोकांच्या मनात नको ते विचार येतील, अशी ती भीती होती. वर्णद्वेषी राजवटीने परदेशी दूरचित्रवाणीला संस्कृतीच्या नावानेच दाराबाहेर ठेवले होते.

पुढे संच आले, तेव्हा ब्रिटिश नटांच्या संघटनेने बहिष्कार टाकल्यामुळे ब्रिटिश कार्यक्रम मिळेनात आणि सगळा भर अमेरिकी मालिकांवर आला. त्यांतल्या काही आफ्रिकान्समध्ये डब होत आणि मूळ इंग्रजी आवाज त्याच वेळी रेडिओवर लावलेला असे. चित्र एका यंत्रावर आणि आवाज दुसऱ्यावर अशी कसरत लोक आनंदाने करत, असे इथले जुने शेजारी सांगतात.

आजची परिस्थिती वेगळी आहे. २०१५ मध्ये 'झी वर्ल्ड' ही इंग्रजीत डब केलेल्या हिंदी मालिकांची वाहिनी सुरू झाली, तेव्हा ती इथल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी असावी असे मला वाटले होते. मी ज्या सलूनमध्ये जाते तिथे वेण्या घालणाऱ्या झुलू बायकांनी तो समज लवकर दूर केला. एका गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पाच-सहा तास काम चालते. तेवढ्या वेळात हात केसांत आणि कान पडद्याकडे. सासूने सुनेच्या जेवणात मीठ टाकले की चारही खुर्च्यांवरून एकदम निषेध होतो. एकदा त्यांतली मुख्य बाई मला म्हणाली की तुमच्याकडच्या सासवा आमच्याकडच्यांपेक्षा वाईट आहेत हे पाहून बरे वाटते. लोबोला, म्हणजे वराकडून वधूच्या घरी द्यायचे धन, तुमच्याकडे उलट्या दिशेने कसे जाते, यावर त्यांनी माझी जी उलटतपासणी घेतली ती मला जन्मभर पुरेल.

पण त्याच सलूनमध्ये संध्याकाळी साडेआठला वाहिनी बदलते आणि 'उझालो' लागते. क्वामाशू या डर्बनजवळच्या वस्तीतली, झुलू भाषेतली ही मालिका २०१५ मध्ये सुरू झाली आणि भराच्या काळात तिचे प्रेक्षक एक कोटीच्या घरात होते. तिच्यापुढे झी वर्ल्ड कुठेच नाही. आपले काही चांगले मिळाले की लोक तेच पाहतात.

कंपाल्याचा_पाहुणा

युगांडातला प्रकार आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत असेल म्हणून लिहितो. कंपालाच्या वस्त्यांमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये बाकडी टाकून व्हिडिओ दाखवण्याच्या जागा असतात, त्यांना 'बिबांडा' म्हणतात. तिथे परदेशी चित्रपट लागला की मायक्रोफोन घेऊन एक माणूस तो लुगांडा या तिथल्या भाषेत सांगत बसतो. त्याला 'व्हीजे' म्हणतात आणि यातले काही व्हीजे नटांइतके प्रसिद्ध आहेत. व्हीजे भाषांतर करतो असे म्हणणे धाडसाचे होईल. चिनी कुंगफू चित्रपटातला खलनायक त्याच्या तोंडून कंपालातल्या घरमालकासारखा बोलतो, पाठलाग हाँगकाँगच्या गल्लीत नसून ओविनो बाजारामागे चालू असतो, आणि नायक मार खाऊ लागला की व्हीजे त्याला शिव्या घालतो. आता ही व्हीजेंची ध्वनिमुद्रणे डीव्हीडीवर आणि वाहिन्यांवरही मिळतात.

यातूनच वाकालिगा वस्तीत आयझॅक नब्वाना यांचे घरगुती 'वाकालीवूड' उभे राहिले. त्यांच्या २०१० मधल्या ॲक्शनपटातही व्हीजे आहे. चित्रपट मुळातच युगांडाचा असूनसुद्धा प्रेक्षकांना व्हीजेची इतकी सवय लागली आहे की त्याच्याशिवाय मजा येत नाही.

गुपचूप_वाचक

आमच्या सोसायटीत हे काम दुसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका कसलेही मानधन न घेता करतात.

समुद्रकाठचा

विनोद आवडला आणि व्हीजे तर फारच आवडला. तरी माझा मुद्दा तिथेच उभा आहे. डबिंग कितीही रंगतदार असो, त्यातून किती लोकांना काम मिळते? दहा-पंधरा आवाज आणि एक-दोन भाषांतरकार. कुमावूडच्या एका चित्रपटावर शिंप्यापासून जेवण पुरवणाऱ्या बाईपर्यंत किती घरे चालत! शिवाय डब केलेल्या मालिकेत त्वी भाषा ऐकू येते, पण त्वी बोलणाऱ्याचे जगणे नसते. भाषा जगली आणि लेखक उपाशी राहिला, असे झाले तर त्या भाषेत पुढे लिहिणार कोण?

अदिसची_माहेरवाशीण

हाच वाद इथियोपियात मोठ्या आवाजात झाला. २०१६ मध्ये 'काना टीव्ही' सुरू झाला आणि त्याने तुर्की मालिकांसह परदेशी कार्यक्रम अम्हारिक या तिथल्या भाषेत डब करून दाखवायला सुरुवात केली. इथियोपियातील नट, लेखक आणि निर्मात्यांनी एकत्र येऊन निषेध केला, आपली संस्कृती बुडेल आणि आपला धंदाही बुडेल असे सांगितले. मात्र त्याच्या आधीची स्थिती कुणी आठवत नव्हते. सरकारी वाहिनीच्या रटाळ कार्यक्रमांना कंटाळून अदिस अबाबातल्या घराघरांवर डिश लागल्या होत्या आणि लोक अरबी वाहिन्यांवरचे चित्रपट पाहत बसत. काना आल्यावर निदान ऐकू येणारी भाषा अम्हारिक झाली. डबिंगचे कामही अदिसमध्येच होते आणि त्यातून आवाजाची कामे करणाऱ्यांची एक तरुण पिढी तयार झाली.

धागाकर्त्यांचा लेखकाविषयीचा प्रश्न मात्र मला टाळता येत नाही. डबिंगच्या स्टुडिओतून नट तयार होऊ शकतो. लेखक कुठून तयार होणार?

नैरोबीची_अनघा

लेखक पाहिल्यावरून आणि पैसे मिळाल्यावरून तयार होतो, या क्रमाने. नायजेरियात १९८६ ते १९९० या काळात 'बासी अँड कंपनी' ही विनोदी मालिका गाजली, तिचे लेखक आणि निर्माते केन सारो-विवा होते, ज्यांना पुढे १९९५ मध्ये लष्करी राजवटीने फाशी दिली. झटपट श्रीमंत होण्याची स्वप्ने पाहणारा लागोसचा रिकामटेकडा माणूस त्यांनी उभा केला. चौकट पाश्चात्त्य विनोदी मालिकेची, आतला माल पूर्ण लागोसचा. पण तो कार्यक्रम चालला कारण सरकारी एनटीए वाहिनीचे जाळे देशभर होते आणि जाहिरातदार मिळत होते. चलन घसरले, वाहिनीकडचा पैसा आटला, तशा त्या दर्जाच्या मालिका कमी होत गेल्या. ती मोकळी जागा परदेशी मालिकांनी भरून काढली.

दार_एस_सलाम

टांझानियाची बाजू कुणीच मांडली नाही, म्हणून थोडक्यात मांडतो. झांझिबारमध्ये १९७३ साली रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा उप-सहारा आफ्रिकेत असे दुसरे केंद्र नव्हते. पण अध्यक्ष न्येरेरे यांच्या काळात मुख्य भूमीवर दूरचित्रवाणी ही श्रीमंतांची चैन मानली गेली आणि ती थेट १९९४ मध्ये, तीही खासगी वाहिन्यांच्या रूपाने आली. देशी निर्मितीची घडी बसायच्या आत उपग्रह वाहिन्या येऊन पोहोचल्या. २०११ मध्ये तर सासू-सुनेची एक चिनी मालिका स्वाहिलीत डब होऊन इथे लागली आणि लोकांनी ती आवडीने पाहिली. दोन वर्षांनी चीनचे अध्यक्ष दार एस सलामला आले तेव्हा भाषणात त्यांनी तिचा अभिमानाने उल्लेख केला. सासू-सुनेवर मुंबईचीच मक्तेदारी आहे असे कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज दूर व्हावा.

मला काळजी मालिकांची नाही, डब्याची, म्हणजे सेट-टॉप बॉक्सची आहे. चीनच्या 'स्टारटाइम्स' कंपनीने स्वस्त डिजिटल सेवा गावोगाव नेली, आणि २०१५ मध्ये चीनने आफ्रिकेतल्या १०,००० खेड्यांत उपग्रह दूरचित्रवाणी पोहोचवण्याची योजना जाहीर केली. दुसऱ्या टोकाला दक्षिण आफ्रिकेची 'मल्टिचॉइस' होती, ती २०२५ मध्ये फ्रान्सच्या 'कॅनल प्लस'ने ताब्यात घेतली. कोणती वाहिनी कोणत्या पुड्यात, कितव्या क्रमांकावर आणि किती पैशांत मिळणार, हे ज्याच्या हातात आहे तो उद्या देशी वाहिनीला कोपऱ्यात ढकलू शकतो. मालिका लोक कंटाळले की सोडतात. डबा मात्र घरात राहतो.

निवृत्त_अभियंता

डब्याच्या मुद्द्याला पूर्ण सहमती. त्यात एक भर घालतो. २०१४ मध्ये कानोहून 'अरेवा२४' ही संपूर्ण हौसा भाषेतली उपग्रह वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावर 'दादिन कोवा'सारख्या अस्सल हौसा मालिका आल्या. सुरुवातीचा पैसा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा होता, कारण बोको हरामच्या प्रचाराला उत्तर हवे होते. मग ही वाहिनी देशी म्हणावी की परदेशी? मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मूळचा_पुणेकर

परदेशी म्हणजे गोरे किंवा आशियाई असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. किन्शासात, लुसाकात किंवा अक्रात एखाद्या नटाला विचारा, त्याला सर्वांत जास्त धास्ती नायजेरियाची वाटते. १९९२ मध्ये 'लिव्हिंग इन बॉन्डेज' या इग्बो भाषेतल्या व्हिडिओ चित्रपटाने नॉलीवूडला, म्हणजे नायजेरियाच्या चित्रपट उद्योगाला, सुरुवात झाली, २००३ मध्ये 'आफ्रिका मॅजिक' वाहिनी आली, आणि लागोसचे बंगले, लागोसचे पाद्री, लागोसची जादूटोण्याची भीती खंडभर पसरली. घानाच्या निर्मात्यांनी मुंबईच्या आधी लागोसविरुद्ध ओरड केली होती. धागाकर्त्यांनी याचाही समावेश आक्रमणात करावा.

आणि फुटबॉल? इंग्लिश प्रीमियर लीगने जे केले ते कोणत्याच मालिकेला जमलेले नाही. शनिवारी दुपारी नायजेरियात किंवा युगांडात सामना दाखवणाऱ्या शेडपुढे आर्सेनल आणि चेल्सीच्या सदऱ्यांची गर्दी असते आणि त्याच वेळी गावातल्या मैदानावर स्थानिक संघ मोजक्या माणसांसमोर खेळतो. ही हानी तर डोळ्यांनी दिसणारी आहे, पण तिच्याविरुद्ध एकही सांस्कृतिक मोर्चा निघालेला मी पाहिला नाही, कारण मोर्चा काढणारे पुरुषही शनिवारी तिथेच असतात. बायका पाहतात ती मालिका आणि पुरुष पाहतात तो खेळ, असा हा न्याय आहे.

शुभदा_जोबर्ग

शेवटच्या दोन वाक्यांसाठी शंभर वेळा अनुमोदन.

अदिसची_माहेरवाशीण

मुलांच्या कार्टूनचा विषय राहून गेला. मुले दिवसभर अमेरिकी कार्टून पाहून अमेरिकी उच्चारात बोलतात, ही तक्रार आफ्रिकेतल्या प्रत्येक शहरात ऐकू येते आणि ती खोटी नाही. मात्र दार एस सलाममधून २०१४ मध्ये सुरू झालेले 'उबोंगो किड्स' पाहा. स्वाहिलीत गणित आणि विज्ञान शिकवणारी गाणी आहेत आणि ती आता इतर भाषांतही जातात. माझा भाचा बेरीज शिकला ती त्यातूनच.

समुद्रकाठचा

चर्चा अपेक्षेपेक्षा बरीच खोल गेली. सर्वांचे म्हणणे वाचल्यावरही मी एवढे धरून आहे की घानाच्या घरात रोज रात्री कुणाची गोष्ट सांगितली जाते, याने फरक पडतो. पैसा हे कारण असेल, प्रेक्षक हुशार असेल, डबिंग सुंदर असेल, तरीही कुमासीचा लेखक गप्प बसला आहे हे सत्य उरतेच. म्हणून थेट विचारतो. उपाय काय? परदेशी मालिकेच्या प्रत्येक तासावर कर लावून तो पैसा देशी निर्मितीला द्यावा का? की सरळ टक्केवारी वाढवावी?

शुभदा_जोबर्ग

टक्केवारीचा प्रयोग इथे झाला आहे. २०१६ मध्ये एसएबीसी या सरकारी प्रसारण संस्थेने रेडिओवर ९० टक्के आणि 'एसएबीसी ३' या दूरचित्रवाणी वाहिनीवर ८० टक्के देशी कार्यक्रमांचा हुकूम काढला. कलाकारांनी सुरुवातीला टाळ्या वाजवल्या. पण तेवढे कार्यक्रम बनवायला पैसा नव्हता, म्हणून जुने पुनःपुन्हा दाखवले गेले, जाहिरातींचे उत्पन्न घटले आणि वर्षभरात धोरण मागे घ्यावे लागले. 'उझालो' टक्केवारीने जन्माला आली नव्हती.

नैरोबीची_अनघा

कराचा पर्याय मला त्यातल्या त्यात बरा वाटतो, अट एवढीच की तो पैसा मंत्रालयाच्या तिजोरीत न जाता निर्मात्यांच्या स्वतंत्र निधीत जावा. नाहीतर पाच वर्षांनी त्या पैशातून मंत्र्यांच्या उद्घाटनांचे माहितीपट तयार झालेले दिसतील.

लुआंडा_ते_लिस्बन

उशिरा आलो, पण निधी कुणाच्या हातात या प्रश्नावर अंगोलाचे उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. लुआंडातल्या प्रचंड मोठ्या खुल्या बाजाराचे नाव ब्राझीलच्या एका मालिकेवरून 'रोके सांतेरो' पडले होते. ती मालिका १९८५-८६ मधली, आणि तो बाजार २०१० मध्ये हलवेपर्यंत याच नावाने ओळखला गेला. परदेशी मालिकेचा एवढा ठळक शिक्का दुसऱ्या कुठल्या राजधानीवर उमटला असेल असे वाटत नाही.

याच अंगोलाने २०१२ मध्ये 'विंडेक' नावाची स्वतःची मालिका काढली. पुढच्या वर्षी तिला आंतरराष्ट्रीय एमी या दूरचित्रवाणी पुरस्काराचे नामांकन मिळाले आणि २०१४ मध्ये ती चक्क ब्राझीलच्या सरकारी वाहिनीवर लागली. मालिका बनवणाऱ्यांनाच आपली मालिका विकली म्हणून लुआंडात सगळ्यांना हर्ष झाला. आता पैसा कुठून आला ते ऐका. ती काढणारी कंपनी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष दुस सांतुस यांच्या मुलांची होती आणि सरकारी दूरचित्रवाणीची दुसरी वाहिनी चालवण्याचे कंत्राटही त्याच वर्तुळात होते. २०१७ मध्ये नवे अध्यक्ष आले आणि त्यांनी ते कंत्राट रद्द केले.

मालिका उत्तम होती. बहुतेक नट अंगोलाचे होते, भाषा लुआंडाच्या रस्त्यावरची पोर्तुगीज होती. धागाकर्त्यांना हवे ते सगळे त्यात होते.

समुद्रकाठचा

हे माहीत नव्हते. कुमासीच्या ज्या निर्मात्याशी माझी ओळख आहे त्याला हा प्रतिसाद इंग्रजीत करून दाखवतो. तो बहुधा म्हणेल की अध्यक्षांचा मुलगा असला तरी चालेल, चेक वटला म्हणजे झाले.